वस्तुसंग्रहालयातील बालशिक्षण उपक्रम : व्यवस्थापनाच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

वस्तुसंग्रहालय ही मानवी संस्कृतीचा वारसा जतन करणारी संस्था होय. इतिहासाच्या अभ्यासकाला ते साधनांचे भांडार वाटते, पर्यटकाला प्रेक्षणीय स्थळ वाटते आणि शासनाला सांस्कृतिक प्रतिष्ठेचे चिन्ह वाटते. मात्र या संस्थेचा सर्वांत लहान अभ्यागत, म्हणजे तीन ते आठ वर्षे वयाचे मूल, आपल्याकडील इतिहासलेखनाचा विषय क्वचितच झाला आहे. शाळेची सहल येते, मुले एकामागून एक दालने पार करतात, ज्यांना पाटी वाचता येत नाही त्यांना 'हात लावू नका' ही सूचना तोंडी दिली जाते आणि तासाभरात सहल बाहेर पडते. अशा भेटीची नोंद संग्रहालयाच्या वार्षिक अहवालात अभ्यागतांच्या संख्येत होते, परंतु मुलाच्या शिक्षणात तिची काय नोंद होते हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निरनिराळ्या संग्रहालयांनी बालकांसाठी जे उपक्रम हाती घेतले, ते कोणत्या व्यवस्थेवर उभे होते आणि त्यांतील कोणते टिकले, याची तुलनात्मक पद्धतीने मांडणी करणे हा या निबंधाचा उद्देश आहे. बालशिक्षणाच्या उपक्रमाचे यश संग्रहातील वस्तूंच्या मोलावर फारसे अवलंबून नसते. त्यासाठी नेमलेली स्वतंत्र व्यक्ती, हाताळण्यासाठी राखलेला स्वतंत्र संग्रह आणि शाळेशी जुळवलेले निश्चित वेळापत्रक या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते, असे या अभ्यासातून प्रतिपादन करावयाचे आहे.

१. जतन आणि स्पर्श : मूळ पेच

संग्रहालयाचे पहिले कर्तव्य जतनाचे आहे. हाताचा घाम, ओलावा आणि धक्का यांमुळे धातू, कापड व कागद यांची हानी होते. म्हणूनच वस्तू काचेच्या कपाटात गेली. याउलट लहान मूल पाहून जितके शिकते त्याहून अधिक हाताळून शिकते. फ्रोबेल यांनी बालोद्यानाच्या कल्पनेत हाताळण्याच्या साधनांना मध्यवर्ती स्थान दिले आणि मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे सुरू केलेल्या बालगृहात इंद्रियशिक्षणाची साधने हाच शिक्षणाचा पाया मानला. अशा रीतीने दोन रास्त तत्त्वे परस्परांसमोर उभी राहिली. अभिरक्षकाला वस्तू वाचवायची होती, तर शिक्षकाला ती मुलाच्या हाती द्यायची होती.

या पेचातून निघण्याचा एक मार्ग लिव्हरपूल येथील संग्रहालयाने १८८४ मध्ये दाखविला. निवडक नमुने पेट्यांत बसवून त्या पेट्या शाळाशाळांतून फिरविण्याची योजना तेथे सुरू झाली. या योजनेचे महत्त्व असे की, संग्रहालयाच्या मालकीच्या वस्तूंचे दोन वर्ग होऊ शकतात हे तिने मान्य केले. एक वर्ग कायम जतनाचा आणि दुसरा वापराचा. वापराच्या वस्तू झिजणार, तुटणार आणि बदलाव्या लागणार, हे गृहीत धरूनच त्यांचा हिशेब ठेवावयाचा. पुढील शतकातील बालसंग्रहालयांची चळवळ बऱ्याच अंशी याच तत्त्वाचा विस्तार आहे.

२. दोन प्रारंभ, दोन परिणाम

अमेरिकेत जवळपास एकाच वेळी सुरू झालेल्या दोन प्रयोगांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे सचिव सॅम्युअल लँगली यांनी १९०१ मध्ये संस्थेच्या जुन्या इमारतीत एक बालदालन उघडले. काचेची कपाटे मुलांच्या नजरेच्या उंचीवर बसविण्यात आली. माहितीपट्ट्यांवरील लॅटिन नावे वगळून साधी भाषा वापरली गेली. दालनात जिवंत पक्षी व मासे ठेवले गेले आणि ज्ञानाचा आरंभ विस्मयातून होतो, या अर्थाचे वचन तेथे कोरण्यात आले. खगोलशास्त्रज्ञ म्हणून ख्याती पावलेल्या लँगली यांनी या दालनाचे मानद अभिरक्षकपद स्वतःकडेच घेतले होते, यावरून त्यांची आस्था लक्षात येते. परंतु हीच गोष्ट त्या प्रयोगाची मर्यादाही दाखविते. संस्थेचा प्रमुख स्वतःच्या हौसेने जे काम सांभाळतो, त्यासाठी आस्थापनेत स्वतंत्र पद निर्माण होईलच असे नसते. लँगली १९०६ मध्ये निवर्तले. दालन १९३९ पर्यंत राहिले, मात्र त्यातून बालकांसाठी वेगळी संस्था उभी राहिली नाही.

याच्या थोडे आधी, डिसेंबर १८९९ मध्ये, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे बालसंग्रहालयाची स्थापना झाली. खास बालकांसाठी स्थापन झालेले हे जगातील पहिले संग्रहालय मानले जाते. तेथील संग्रह आरंभी सामान्यच होता. १९०२ मध्ये ॲना बिलिंग्ज गॅलप या विज्ञानशिक्षिका तेथे सहाय्यक म्हणून रुजू झाल्या, अल्पावधीतच मुख्य अभिरक्षक झाल्या आणि १९३७ पर्यंत म्हणजे एकूण सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी काम पाहिले. मुलांनी नमुने हाताळावेत, जिवंत प्राण्यांचे निरीक्षण करावे, ग्रंथालयात जाऊन शोध घ्यावा आणि पुन्हा पुन्हा यावे, अशी कार्यपद्धती त्यांनी रुजविली. कोणतीही वस्तू मुलाला काय शिकवील, या कसोटीवर तिचे मोल ठरू लागले.

दोन्ही प्रयोगांमागील बालकांविषयीचा दृष्टिकोन सारखाच उदार होता. फरक व्यवस्थेत होता. स्मिथसोनियनमध्ये एका प्रचंड संस्थेत बालकांना एक खोली मिळाली. ब्रुकलिनमध्ये बालकांसाठीच पूर्ण वेळ काम करणारी, त्या कामाचे उत्तरदायित्व असणारी व्यक्ती मिळाली. कल्पना चांगली असणे आणि ती चालविण्यासाठी पद मंजूर असणे यांतील अंतर या तुलनेतून स्पष्ट होते.

३. दालनाकडून कार्यपद्धतीकडे

बोस्टन येथील बालसंग्रहालय १९१३ मध्ये विज्ञानशिक्षकांच्या एका मंडळाने सुरू केले. शाळेतील शिक्षकांनाच साहित्याची गरज भासली आणि त्यांनीच संग्रहालय उभारले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. पुढे १९६२ ते १९८५ या काळात मायकेल स्पॉक हे या संस्थेचे संचालक होते. काचेच्या कपाटांऐवजी मुलांना आत शिरता येईल, उघडून पाहता येईल अशी मांडणी त्यांच्या कारकिर्दीत प्रचारात आली. त्याच दशकात शिक्षक व मुले यांच्यासाठी वस्तू आणि कृती एकत्र केलेल्या पेट्या तयार करून त्या शाळांना देण्यात येऊ लागल्या. लिव्हरपूलच्या पेटीत पाहण्याचे नमुने होते. बोस्टनच्या पेटीत करावयाच्या कृतीही होत्या. वस्तूबरोबर अध्यापनाची योजनाही शाळेपर्यंत पोहोचविण्याची ही पुढची पायरी होती.

आंतरराष्ट्रीय स्तरावरही या प्रश्नाची दखल घेतली गेली. १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषद स्थापन झाली आणि १९५२ मध्ये युनेस्कोने संग्रहालयांच्या शैक्षणिक कार्याविषयीचे चर्चासत्र ब्रुकलिन येथे भरविले. १९७४ मध्ये परिषदेने केलेल्या संग्रहालयाच्या व्याख्येत अध्ययन, शिक्षण आणि आनंद यांचा एकत्र उल्लेख झाला. २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या नव्या व्याख्येत सर्वसमावेशकता, सुगम्यता आणि समुदायांचा सहभाग यांची भर पडली.

शाळापूर्व वयाच्या दृष्टीने १९८८ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी स्मिथसोनियन संस्थेच्या परिसरातच एक बालशिक्षण केंद्र सुरू झाले. मुले लहान गटांत नियमितपणे संग्रहालयात जातात, मोजक्या वस्तूंसमोर थांबतात, वर्गात परत येऊन त्याच विषयावर खेळतात व चित्रे काढतात, अशी तेथील पद्धत आहे. ज्या संस्थेतील बालदालन १९३९ मध्ये बंद झाले होते, तेथेच सुमारे अर्ध्या शतकानंतर बालकांना पुन्हा प्रवेश मिळाला. या वेळी मात्र दालनाऐवजी प्रशिक्षित शिक्षक, ठरलेला दिनक्रम आणि वर्गखोली यांची पूर्ण व्यवस्था उभी होती.

४. भारतातील वाटचाल

भारतातील संग्रहालयांचा आरंभ १८१४ मध्ये कोलकाता येथे झाला. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. वासाहतिक राज्यकर्त्यांनी ही संग्रहालये मुख्यतः कच्चा माल, कारागिरी आणि लोकजीवन यांची माहिती संकलित करण्यासाठी उभारली. लोकांनी मात्र त्यांना 'अजबखाना' असे नाव दिले. विस्मय हा सामान्य अभ्यागताच्या आकर्षणाचा गाभा होता आणि मुलेही त्याच ओढीने आईवडिलांबरोबर येत असत. त्या विस्मयाला शिक्षणाचे वळण देणारी यंत्रणा मात्र उभी राहिली नाही. मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतीय संग्रहालयांकडील अपुरा निधी व प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा अभाव यांकडे लक्ष वेधले होते. मुंबईतील प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाचा इतिहासही या संदर्भात सूचक आहे. इमारत तयार झाल्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळात ती लष्करी रुग्णालय आणि बालकल्याणविषयक कार्य यांसाठी वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये खुली झाली. तेथे खास बालकांसाठी स्वतंत्र संग्रहालय सुरू होण्यास त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र काहीसे बदलले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि प्रशिक्षित मनुष्यबळाचा मार्ग मोकळा झाला. सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ मध्ये ज्या अमरेली भागात केला, त्याच अमरेलीत १९५५ मध्ये गिरधरभाई बालसंग्रहालय सुरू झाले. दिल्लीत बालभवनाच्या अंतर्गत १९६१ मध्ये राष्ट्रीय बालसंग्रहालय, १९६५ मध्ये शंकर यांचे बाहुल्यांचे संग्रहालय आणि कोलकात्यात १९७२ मध्ये नेहरू बालसंग्रहालय अशी मालिका उभी राहिली.

विज्ञान संग्रहालयांनी स्पर्शाचा पेच तुलनेने लवकर सोडविला, कारण त्यांच्या वस्तू मुळातच हाताळण्यासाठी बनविलेल्या होत्या. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्ये फिरते विज्ञान प्रदर्शन सुरू केले. मुंबईत वरळी येथे आंतरराष्ट्रीय बालक वर्षाच्या निमित्ताने १९७९ मध्ये विज्ञान उद्यान तयार झाले आणि १९८५ मध्ये नेहरू विज्ञान केंद्र खुले झाले. कला व इतिहास संग्रहालयांना ही सोय नव्हती. मूळ ताम्रपट किंवा मूर्ती बदलून दुसरी ठेवता येत नाही. त्यामुळे या संग्रहालयांत बालकांचे उपक्रम दीर्घकाळ सुट्टीतील चित्रकला स्पर्धा आणि जागतिक संग्रहालय दिन यांपुरते मर्यादित राहिले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने, म्हणजे पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाने, २०१५ मध्ये बसमधील फिरते संग्रहालय सुरू केले आणि २०१९ मध्ये आपल्या आवारात गोरखचिंचेच्या जुन्या वृक्षाजवळ बालसंग्रहालय उघडले. मांडणीच्या कामात मुलांनाच सहभागी करून घेण्याची कल्पना तेथे स्वीकारली गेली, ही भारतीय इतिहास संग्रहालयांच्या वाटचालीतील उल्लेखनीय घटना होय.

५. बालवाडीची परंपरा आणि संग्रहालय

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा इतिहास संग्रहालयांच्या इतिहासापासून आजवर वेगळाच मांडला गेला. वास्तविक या दोहोंत संवाद होणे आवश्यक होते. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालवाडीचा प्रयोग सुरू केला आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. महागडी परदेशी साधने ग्रामीण व आदिवासी भागात परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे, माती अशा परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे स्थान दिले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आकाराला आली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली.

संग्रहालयाच्या भाषेत सांगावयाचे तर हा हाताळणीचा संग्रह आणि फिरता उपक्रम या दोन्ही तत्त्वांचा स्वतंत्रपणे लागलेला शोध होता. लिव्हरपूलची पेटी आणि बोर्डीची अंगणवाडी यांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही. परंतु संस्थेने मुलाकडे जावे आणि त्याच्या हाती वस्तू द्यावी, हे सूत्र दोहोंत समान आहे. आपल्या संग्रहालयांनी बालशिक्षणाचे उपक्रम आखताना परदेशी नमुन्यांबरोबरच या परंपरेचाही अभ्यास केला असता, तर कमी खर्चातील अनेक मार्ग त्यांना उपलब्ध झाले असते.

घरगुती संस्कृतीतही याला अनुकूल आधार आहेत. भातुकलीच्या खेळात पितळ, लाकूड व माती यांच्या छोट्या भांड्यांतून संपूर्ण स्वयंपाकघर मुलाच्या हाती येते. दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात. तट, बुरूज, दरवाजे व मावळे यांची मांडणी करताना ती नकळत एक इतिहासविषयक प्रदर्शनच उभारीत असतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण येथे विशेष अर्थपूर्ण आहे. दिनकर केळकर यांनी अकाली निधन पावलेल्या आपल्या लहान मुलाच्या स्मरणार्थ हे संग्रहालय उभे केले. दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा रोजच्या जीवनातील वस्तूंचा हा संग्रह आहे. पाच वर्षांच्या मुलाला शिलालेखाचे महत्त्व सांगणे कठीण, परंतु दिवा त्याच्या ओळखीचा असतो. वीज नसताना रात्री घरात काय करीत असतील, या एका प्रश्नापासून त्याच्या इतिहासशिक्षणाला प्रारंभ होऊ शकतो.

६. व्यवस्थापनाचे घटक

वरील इतिहासावरून बालशिक्षण उपक्रमाच्या व्यवस्थापनाचे काही घटक निश्चित करता येतात. पहिला घटक मनुष्यबळाचा होय. अभिरक्षक हा वस्तूंचा जाणकार असतो आणि बालशिक्षक हा मुलांचा. एकाच व्यक्तीकडून दोन्ही अपेक्षा करणे अवाजवी आहे. त्यामुळे शिक्षणाधिकारी हे स्वतंत्र पद असणे, त्या पदावरील व्यक्तीला बालशिक्षणाचे प्रशिक्षण असणे आणि प्रदर्शनाची आखणी होत असतानाच तिचा सल्ला घेतला जाणे आवश्यक ठरते. प्रदर्शन पूर्ण झाल्यावर 'आता मुलांसाठी काहीतरी करा' असे सांगण्यात येते, तेव्हा कपाटांची उंची आणि माहितीपट्ट्यांची भाषा आधीच ठरून गेलेली असते.

दुसरा घटक संग्रहाचा आहे. हाताळणीच्या वस्तूंची नोंदवही मूळ संग्रहाच्या नोंदवहीपासून वेगळी ठेवावी, त्यांची झीज अपेक्षित खर्च म्हणून अंदाजपत्रकात दाखवावी आणि तुटलेल्या वस्तूबद्दल शिक्षकाला किंवा मुलाला दोषी धरले जाऊ नये. तसे न केल्यास कर्मचारी भीतीपोटी वस्तू पुन्हा कपाटात ठेवतो आणि उपक्रम कागदावरच राहतो. प्रतिकृती वापरताना ती प्रतिकृती आहे हे मुलांना सांगणे इष्ट. खरे आणि नक्कल यांतील फरक समजणे हाही इतिहासाच्या दृष्टीचाच भाग आहे.

तिसरा घटक वेळ व गट यांचा. शंभर मुलांची एकत्रित सहल लहान वयोगटासाठी निरुपयोगी असते. मुलांचे लहान गट करणे, एका भेटीत एकच विषय व मोजक्या वस्तू घेणे, जमिनीवर बसून पाहण्याची सोय करणे आणि पाहण्यानंतर गोष्ट, चित्र किंवा मातीकाम अशी कृती देणे हितावह ठरते. डबा खाण्याची जागा, पिण्याचे पाणी आणि मुलांना वापरता येतील अशी स्वच्छतागृहे या बाबी किरकोळ वाटतात. पण भूक लागलेले अथवा अवघडलेले मूल काहीही शिकू शकत नाही. भेटीपूर्वी शिक्षकांची बैठक आणि भेटीनंतर वर्गातील पाठपुरावा यांशिवाय भेट अपूर्ण राहते.

चौथा घटक समान संधीचा असून तो सर्वांत महत्त्वाचा आहे. संग्रहालयात येणारी लहान मुले बहुधा सुशिक्षित पालकांची किंवा सहलीचा खर्च पेलणाऱ्या शाळांची असतात. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. मात्र अंगणवाडीतील मूल संग्रहालयाच्या अभ्यागतांत जवळजवळ दिसत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हमी दिलेला हक्क सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून एकत्र आणला आणि २०२३ मध्ये या वयोगटासाठी खेळणी, कोडी व बाहुल्या असलेली 'जादुई पिटारा' ही साहित्यपेटी सादर झाली. धोरणाने पेटी स्वीकारली आहे. त्या पेटीत आपल्या जिल्ह्यातील संग्रहालयाची एखादी वस्तू, तिची प्रतिकृती आणि गोष्ट असावी, हे काम संग्रहालय व स्थानिक महाविद्यालये यांनी मिळून करण्याजोगे आहे.

समारोप

बालकांसाठीचे उपक्रम सुरू करणे तुलनेने सोपे आणि चालू ठेवणे कठीण, असे हा इतिहास दर्शवितो. एका व्यक्तीच्या आस्थेवर उभे राहिलेले दालन त्या व्यक्तीबरोबर निष्प्रभ होऊ शकते. पद, संग्रह आणि वेळापत्रक यांवर उभा राहिलेला उपक्रम व्यक्ती बदलल्या तरी चालू राहू शकतो. जतन आणि स्पर्श यांतील विरोध अटळ नाही. वस्तूंचे दोन वर्ग करून तो सोडविता येतो, हे १८८४ पासून ज्ञात आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे झाल्यास, बालवाडीने दाखविलेली परिसरातील साधनांची वाट आपल्या हाताशी आहे आणि लहान शहरांतील संग्रहालयांनाही ती परवडणारी आहे.

इतिहास विभागांनी या कामाकडे विद्यार्थ्यांसाठी प्रकल्प म्हणून पाहावे असे सुचवावेसे वाटते. पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या संग्रहालयातील एक वस्तू निवडावी, तिची चार-पाच वाक्यांची गोष्ट सोप्या मराठीत किंवा स्थानिक बोलीत लिहावी, हाताळण्याजोगी प्रतिकृती तयार करावी आणि ती जवळच्या अंगणवाडीत न्यावी. यात खर्च अल्प आहे. पाच वर्षांच्या मुलाला समजेल अशा भाषेत एखाद्या वस्तूचा इतिहास सांगता येणे, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या आकलनाचीही परीक्षा ठरेल.